महिपतीची जीभ आणि केरबाचं बोट

महिपतीच्या जिभेबद्दल लोणावळ्यात दोन मतं होती. एक मत असं की, अशी जीभ सबंध मावळात दुसरी नाही. कढईतला पाक चिक्कीला लागला की नाही, हे ती टेकताक्षणी सांगते. दुसरं मत असं की, त्या जिभेला पाक सोडून बाकी सगळं कळतं, विशेषतः कुणाच्या घरात काय शिजतंय ते. पहिलं मत खुद्द महिपतीचं होतं. दुसरं त्याच्या बायकोचं, आक्काबाईचं.

राजेंद्रशेटच्या चिक्कीच्या भट्टीवर महिपती अडतीस वर्षं कढईजवळ बसत आला. बसत म्हणजे खरोखरीच बसत. त्याच्यासाठी एक लाकडी चौरंग होता आणि त्याचे पाय आजवर दोनदा बदलले होते. ते का बदलले, हे महिपतीचं पोट बघितल्यावर कुणी विचारत नसे. दुसरी माणसं पाक ढवळायची, दाणे ओतायची, गरम चिक्की लाटायची. महिपती फक्त चव घ्यायचा. एका घाण्याला तीनदा. ढवळायच्या खोंच्याच्या टोकावरचा थेंब तो गार पाण्याच्या वाटीत सोडी, थिजलेली गोळी काढून पितळी ताटलीत टण्‌कन टाकी, मग तोंडात घालून डोळे मिटी. बाया हातातली लाटणी थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत राहत. पुरेसा वेळ गेला, सगळ्यांचा श्वास अडकला, की महिपती डोळे उघडून म्हणे, "उतरवा."

दिवसाला असे चौदा घाणे. शिवाय मुंबईचं गिऱ्हाईक भट्टी बघायला आत डोकावलं, तर त्याच्यासमोर एक जादा चव, तीही जरा सावकाश.

आता अशा माणसाच्या रक्तात साखर निघाली नसती तरच नवल. ती निघाली त्याला सहा वर्षं झाली. पण महिपतीनं तिचा दोष कढईवर कधी येऊ दिला नाही. "आमच्या घराण्याचं रगातच गोड," तो चहात दोन चमचे घालता घालता सांगे. "बापाला हुती, बापाच्या भनीला हुती. बापाचा तर पाय काडला गुडघ्यापासनं. वरनंच लिवून आलंय, म्या काय करणार?" आणि वरूनच लिहून आलंय म्हटल्यावर गोळ्यांची डबी आठवड्यातून दोनदा उघडली तरी पुष्कळ झालं, असा त्याचा हिशेब.

"आन तुमचा आजा?" आक्काबाई विचारी. "त्यो काय शेजारच्या घराण्यातला व्हता का?"

आजाचं नाव निघालं की महिपतीला हटकून काहीतरी काम आठवे. कारण आजा गवताचे भारे डोक्यावर घेऊन आपल्या औंढे गावाहून लोणावळ्याच्या बाजारात पायी जायचा. छप्पन्न साली त्यानं धम्माची दीक्षा घेतली तेव्हा चाळिशीला टेकला होता, आणि तिथून पुढे आणखी जवळजवळ पन्नास वर्षं त्यानं भाजलेले हरभरे आपल्या दातांनी फोडून खाल्ले. साखरेचं नाव नाही. त्याच्या पोटी आलेला महिपतीचा बाप मात्र लोणावळ्यात एका बंगल्यावर स्वयंपाकी होता. साहेबाच्या ताटात उरलेलं गोडधोड वाया जाऊ नये, याची त्या माणसानं तीस वर्षं जातीनं काळजी घेतली. महिपती घराण्याचा दाखला देताना बापापाशीच थांबे. पूर्वज निवडण्याच्या बाबतीत तो फार चोखंदळ होता.

पण आजा गेलेला, त्याला टाळणं सोपं. खरी अडचण जिवंत होती आणि शेजारच्याच घरात राहत होती. तिचं नाव केरबा.

केरबा हा महिपतीचा जुळा भाऊ, पाव तासानं थोरला. तोंडावळा असा की दोघांच्या डाव्या भुवईतली खिंडसुद्धा एकाच जागी. मात्र हे साम्य गळ्याशी येऊन थांबे. गळ्याखाली केरबा म्हणजे नुसता तारेचा माणूस. तो रेल्वेत कीमन. रूळ जखडून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपा बघत, ढिली लागली तर हातोड्यानं ठोकत, रोज अकरा किलोमीटर चालायचं, ऊन असो वा घाटातलं धुकं. ढिली क्लिप डोळ्यांच्या आधी कानाला कळते, असं त्यानं एकदा सांगितलं होतं. एकदाच. केरबा वर्षाकाठी जेवढं बोले, तेवढं महिपती आंघोळीचं पाणी तापेपर्यंत बोलून टाकी.

गावात कुजबूज आहे की, ह्याच भिडस्तपणापायी केरबासाठी मुलगी बघायला कार्ल्याला गेला होता तो केरबा बनलेला महिपती. केरबा गावातच लाजून बसला होता. खरंखोटं ते दोघं भाऊ जाणोत. केरबाची बायको अंबूबाई मात्र अजून अधूनमधून म्हणते, "बगायला आलतं तवा माणूस लय बोलका हुता. लगीन झाल्यावर काय बिनसलं कळंना."

तर यंदाच्या जून महिन्यात राजेंद्रशेटनं भट्टीवर फर्मान काढलं. खाद्यपदार्थाच्या कामावरच्या प्रत्येकानं तब्येतीचा कागद आणायचा. कागद तर दरवर्षीच लागे, पण या वेळी शेटच्या हातात पाकात बुडवायचा एक लांबलचक स्टीलचा थर्मामीटर होता.

"महिपतराव, तुमची साखर ताब्यात असल्याचं डॉक्टरच्या सहीनं आणा," शेट म्हणाले. "नसेल तर कढईवर हा बसेल. मधुमेहाच्या माणसाला दिवसभर पाक चाटवून मी पाप डोक्यावर घेणार नाही."

"आन म्या?"

"तुम्ही लेबलं चिकटवा."

लेबलं! ज्याच्या डोळे मिटण्यावर भट्टी थांबायची, त्यानं खोक्यांवर लेबलं चिकटवायची! महिपतीला बापाचा पाय गेला तेव्हा जेवढं वाईट वाटलं नसेल तेवढं वाटलं.

त्याच रविवारी औंढ्याच्या विहारात साखर तपासणीचं शिबिर होतं. आदल्या दिवशी दुपारी महिपती केरबाच्या ओट्यावर जाऊन बसला.

"केरबा, तुजं एक बोट पायजे."

केरबानं आपल्या हाताकडे बघितलं. "कशाला?"

"टोचायला." महिपतीनं सगळा बेत सांगितला. त्याचा सदरा, त्याची टोपी, त्याचा चष्मा, त्याचं नाव. फक्त बोट केरबाचं.

"खोटं हाय ह्ये."

"खोटं कसं? आईच्या पोटात नऊ म्हयनं एकाच खोलीत ऱ्हायलो. रगात एकच आपलं. तुजं टोचलं काय न् माजं टोचलं काय, निगणार त्येच."

"मग तुजंच टोच की."

महिपतीनं आवाज खाली आणला. "कार्ल्याला कोण गेलतं रं?"

केरबानं आत चुलीपाशी बसलेल्या अंबूबाईकडे एकवार बघितलं, आणि सदरा घेतला.

विहारात डॉक्टर अनघा नावाची नवीन बाई टेबल मांडून बसली होती. वयानं लहान, अक्षर मोत्यासारखं. ह्या गावात जुळे भाऊ आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते बाहेर तोंडाला पदर लावून उभे होते. केरबा महिपतीच्या सदऱ्यात, वाळत घातलेल्या धोतरासारखा फडफडत आत गेला, बोट टोचून आला, कागद घेऊन आला. साखर ब्याण्णव. महिपतीनं तो आकडा तीनदा वाचला आणि आनंदाच्या भरात अर्धा पेढा खाल्ला. उरलेला अर्धा संध्याकाळी.

सोमवारी शेटनं कागद हातात घेतला. भट्टीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते वाचू लागले.

"महिपती. वय अठ्ठावन्न. साखर ब्याण्णव. वा!"

महिपती चौरंगावर टेकला.

"वजन," शेट थांबले. त्यांनी चष्मा पुसला. "वजन छप्पन्न किलो."

बायांची लाटणी थांबली. महिपतीनं बोटाचा सगळा बंदोबस्त केला होता. विहाराच्या कोपऱ्यात वजनकाटा असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पुढे ऐका. 'रोज अकरा किलोमीटर चालतात. असेच चालू ठेवावे.'" डॉक्टरीणबाईनं काम काय करता म्हणून विचारलं होतं, आणि केरबाला एवढा वेळ खोटं बोलणं झेपलं नव्हतं. तो म्हणाला होता, चालतो.

"शेट, त्ये जरा उपाशीपोटी केल्यालं वजन," महिपती म्हणाला.

शेटनं त्याला शेंगदाण्याची पोती मोजायच्या काट्यावर चढवलं. काटा अठ्ठ्याऐंशीवर जाऊन थांबला. पॅकिंगमधल्या कोमलनं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला तरी हसू बाहेर आलंच. "पावणेदोन पोती, शेट!" ती ओरडली.

दुसऱ्या दिवशी खरी तपासणी. आरोग्य उपकेंद्रात महिपती, त्याच्या मागे केरबा, आणि दोघं वाटेत पळू नयेत म्हणून सगळ्यात मागे आक्काबाई. डॉक्टर अनघानं मान वर केली, एका चेहऱ्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, आणि पेन खाली ठेवलं.

"परवा आलेले तुमच्यापैकी कोण?"

"आमीच," महिपती म्हणाला.

"दोघं?"

"एकच समजा, म्याडम. जुळं हाय. रगात सेम."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं दोघांची बोटं टोचली. दोन चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. केरबा एक्क्याण्णव. महिपती दोनशे शहाऐंशी. "काका, रक्त सेम ना? मग हे काय?"

सहा वर्षं जे घराण्याचं रक्त महिपतीच्या मदतीला धावून येत होतं, ते टेबलावर कागद होऊन पडलं होतं, आणि महिपतीच्याच तोंडून त्याची हमी दिलेली होती.

"यंतर बिगाडलंय," तो म्हणाला.

तिनं पुन्हा टोचलं. दोनशे चौऱ्याऐंशी.

"दोननं सुदारलं," केरबा म्हणाला. त्या वर्षातला तो त्याचा एकमेव विनोद.

डॉक्टर हसली नाही. "तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे, काका. वडिलांकडून दोघांनाही एकच बी आलंय. पण बी पडून राहतं. ह्यांनी त्याला पाणी दाखवलं नाही. तुम्ही किती वेळा घालता?"

"दिसाला बेचाळीस डाव," आक्काबाईनं परस्पर सांगितलं. "आन घरचं येगळं."

"आणि तुम्ही पण हसू नका," डॉक्टर केरबाकडे वळली. "तुमच्यातही तेच बी आहे. निवृत्त झाल्यावर काय करणार?"

केरबानं परसात झोपाळा टांगायचं ठरवलेलं होतं. दोन वर्षं तो मनातल्या मनात त्यावर झोके घेत होता. त्यानं ते सांगितलं, आणि डॉक्टरनं नुसती मान हलवली. महिपतीला त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं. "ऐकलंस का? झोपाळा म्हनं!"

मग तिनं महिपतीला खाटेवर पाय पसरायला सांगितलं. "डोळे मिटा. पायाला दोरा लागला की 'लागला' म्हणा."

महिपतीनं डोळे मिटले. ते मिटण्यात त्याचा हातखंडा होता. वेळ गेला. "लावा की," तो म्हणाला. जरा थांबून पुन्हा, "लावा की, म्याडम." त्यानं डोळे उघडले, तर डॉक्टर दोरा हातात धरून उभी आणि आक्काबाईचं तोंड पांढरंफटक. उजव्या अंगठ्याला पाच वेळा दोरा लावून झाला होता.

परतीच्या वाटेवर महिपती गप्प होता. इतका की अंबूबाईनं लांबून बघून त्याला आपला नवरा समजून हाक मारली.

बुधवारपासून त्याला लेबलं मिळाली. चौरंगावर थर्मामीटर. लोक म्हणतात, थर्मामीटरनं पहिल्याच दिवशी घोटाळा केला. तसं काही झालं नाही. तीन दिवस चिक्की उत्तम निघाली. महिपती डिंक लावत कढईकडे तोंड करून बसे आणि दर घाण्याला त्याची जीभ आपसूक टाळूला लागे. चौथ्या दिवशी पाऊस कोसळला, धुकं भट्टीच्या दारातून आत आलं. थर्मामीटरचा आकडा तोच आणि चिक्की मात्र बोटांना चिकटू लागली. पाचव्या दिवशीही तसंच.

"आकडा तर बरोबर आहे," शेट कपाळ चोळत होते.

"साखर तीच असती, शेट," महिपती लेबल दाबत म्हणाला. "हवा बदालली." आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याची जीभ, नवलच, तिथंच थांबली.

संध्याकाळी आक्काबाईनं विषय काढला. "शेटला सांगून टाका की खरं."

"कंचं खरं?"

"म्या घरी तिळाची वडी करते, तवा कदी जीब लावलीया का? ताटलीत गोळी टाकते. टण् वाजली की उतरवते. पाऊस असला की जरा करकरीत वाजूस्तवर थांबते. तुमाला न्हाई व्हय म्हायती?"

महिपतीनं भिंतीकडे तोंड केलं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अडतीस वर्षं त्यानं ताटलीवरच्या आवाजावर पाक ओळखला होता, आणि मग वरून डोळे मिटून चव घेतली होती, कारण लोक बघत होते, आणि खरं सांगायचं तर गोड लागत होतं. आता हे शेटला सांगायचं म्हणजे मावळातली एकमेव जीभ स्वतःच्या हातानं खोटी पाडायची. आणि न सांगायचं म्हणजे लेबलं.

रात्रभर त्यानं काय विचार केला ते तोच जाणे. सकाळी भट्टीवर आला तो तोंडाला उपरण्याचा पट्टा बांधून, सोबत सुट्टी काढलेला केरबा.

"शेट, एक घाणा म्या बगतो. त्वांड बांधून."

पाक उकळला. फेस बसला. महिपती कढईकडे पाठ करून उभा राहिला. केरबानं थेंब वाटीत सोडला, गोळी काढली, ताटलीत टाकली. मऊसा आवाज आला. महिपतीनं मान हलवली. दुसरी गोळी वाजली, पण जरा दबून. मान पुन्हा हलली. शेट थर्मामीटर घेऊन पुढे झाले, "आकडा झाला, महिपतराव!" महिपतीनं हात वर केला. तिसरी गोळी पडली, आणि ताटली अशी खणखणली की केरबाचाही हात हातोड्याच्या सवयीनं थबकला.

"उतरवा," पट्ट्यामागून आवाज आला.

चिक्की काचेसारखी तुटली. शेटनं तुकडा मोडून बघितला, महिपतीकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे चवीची गरजच नव्हती?"

"न्हाई."

"मग अडतीस वर्षं खात कशाला होता?"

महिपतीनं पट्टा खाली ओढला. "गोड लागायची, शेट."

भट्टीवरच्या बाया ज्या हसल्या, त्या दोन घाणे होईपर्यंत हसत होत्या. शेटना हसावं की रागवावं कळेना, तेव्हा त्यांनी अट घातली: चौरंग जाईल, उभं राहून काम, तोंडाला पट्टा, आणि औंढ्याहून रोज पायी यायचं, केरबानं खात्री द्यायची. महिपतीनं सगळं कबूल केलं. लेबलांच्या खोक्याकडे त्यानं जाताना वळूनही बघितलं नाही.

आता चार महिने झाले. साखर एकशे साठीच्या आसपास घुटमळतेय; डॉक्टर अनघा म्हणते, अजून पुष्कळ चालायचंय. अंगठ्याला दोरा अजून नीट कळत नाही, पण बाजूच्या बोटाला कळतो, आणि तेवढ्यावर महिपती गावभर सांगत सुटलाय. केरबानं झोपाळ्यासाठी आणलेल्या कड्या दुकानात परत दिल्या. बायांनी जिभेऐवजी आता कानाचं कौतुक सुरू केलंय, त्यामुळे माणूस पुन्हा जरा फुगलाय, फक्त अंगानं नाही.

परवा आक्काबाईनं धुण्यासाठी सदरा उचलला, तर खिशाला मुंग्यांची रांग. आत चिक्कीचा तुकडा.

"ह्ये काय?"

"त्यो सदरा माजा न्हाई," महिपती म्हणाला. "केरबाचा हाय."

"घाला बरं अंगात."

त्यानं घातला. चार महिन्यांपूर्वी ह्या मापाच्या सदऱ्याची दोन टोकं एकमेकांना भेटली नसती. आता सगळ्या गुंड्या लागल्या, पोटावर जरा ताणून का होईना. सदरा दोघांपैकी कुणाचाही असू शकत होता. आक्काबाई एक क्षण बघतच राहिली. मग कुंपणावरून ओरडली, "भावजी, ह्यो सदरा तुमचा का?"

केरबानं सदऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "व्हय," तो म्हणाला.

आक्काबाईनं मुंग्या झटकल्या, तुकडा पायरीच्या दगडावर टाकला. टण्.

"पाक झालाय," ती म्हणाली आणि दोघा भावांच्या देखत तो तुकडा खाऊन टाकला.